कला अकादमी, घुमट आणि एक फुगा : नाट्यगृहाचं नूतनीकरण म्हणजे नेमकं काय?

पणजीतल्या कला अकादमीत नाटक पाहून बाहेर पडणारी माणसं हल्ली नाटकापेक्षा छताबद्दल जास्त बोलतात. मध्यंतरात चहाचा कप हातात आला की कुणीतरी म्हणतं, "आवाज पूर्वीसारखा येत नाही." दुसरा म्हणतो, "तुझे कान तरी पूर्वीसारखे कुठे राहिलेत?" तिसरा कोटींचा आकडा काढतो आणि घंटा होईपर्यंत तोच विषय चालतो. मी या गप्पांत बऱ्याचदा सामील झालो आहे आणि दर वेळी एकच गोष्ट खटकली आहे. "पूर्वीसारखा" म्हणजे किती, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

खरं तर ते सांगता येतं. त्याचं शास्त्र सव्वाशे वर्षं जुनं आहे आणि दहावीचं गणित येणाऱ्या कुणालाही समजेल इतकं सोपं आहे. पण त्या आधी या वास्तूबद्दल थोडं.

भांडण कशाचं आहे

कला अकादमी ही संस्था १९७० सालची. मांडवीच्या काठावर कांपालला तिची वास्तू उभी राहिली ती १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत. वास्तुविशारद चार्ल्स कुरैय्या, मुळात गोव्याचेच. एक मोठं बंदिस्त नाट्यगृह, म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, सुमारे हजार आसनांचं. दोनेक हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह. प्रयोगशील नाटकांसाठी छोटा ब्लॅक बॉक्स. शिवाय संगीत, नृत्य, नाट्याचे वर्ग. रस्त्यावरून येणारा माणूस मांडवाखालून शिरावा तसा आत शिरतो आणि चालत चालत नदीपर्यंत पोचतो. तिकीट न काढता अकादमीत जाणाऱ्यांची संख्या काढायला कुणी गेलं तर ती तिकीटवाल्यांपेक्षा जास्त भरेल, असा माझा अंदाज आहे.

२०१९ च्या सुमारास वास्तू धोकादायक झाल्याची चर्चा सुरू झाली. पाडकामाची भाषाही कानावर आली. वास्तुविशारद आणि कलाकार यांनी ओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पाडायचं नाही, नूतनीकरण करायचं असं ठरलं. २०२१ मध्ये काम सुरू झालं. जुलै २०२३ मध्ये भर पावसात खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचं छत रात्रीच्या वेळी कोसळलं. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. त्यानंतर ध्वनी, प्रकाश, गळती, वातानुकूलन अशा तक्रारींची रांग लागली. कलाकार "कला राखण मांड" या नावाखाली एकत्र आले आणि पुढे सरकारने दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं.

कोण दोषी, हा या लेखाचा विषय नाही. नाट्यगृह दुरुस्त करणं हे घर किंवा कचेरी दुरुस्त करण्यापेक्षा वेगळं का असतं, एवढंच मला सांगायचं आहे.

तीन शब्द, तीन वेगळी कामं

आपल्याकडे दुरुस्ती, नूतनीकरण आणि संवर्धन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. वडिलोपार्जित घराचं उदाहरण घ्या. पावसाआधी फुटकी कौलं बदलली, ही दुरुस्ती. कौलं काढून स्लॅब घातला, बलकांव म्हणजे दारापुढची बसायची पडवी बंद करून तिथे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, हे नूतनीकरण. आणि हे घर आपलं वाटतं ते बलकांवमुळे आणि आतल्या उजेडामुळे, हे ओळखून तेवढं राखायचं आणि बाकीच्या गोष्टी बेताने बदलायच्या, हे संवर्धन.

संवर्धनाचा जगभर मानला जाणारा एक नियम आहे. ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी १९७९ साली बुरा या गावी तो सनदेत घातला. त्याचा आशय असा, की गरजेइतकं सगळं करा, पण गरजेपेक्षा तसूभरही जास्त करू नका. ऐकायला सोपं आहे, पण ठेकेदाराला ते परवडत नाही, कारण त्याचं बिल जास्त कामावर निघतं. आणि मंत्र्यांना फीत कापायला काहीतरी चकचकीत लागतं.

"चाळीस वर्षांची इमारत ऐतिहासिक कशी?"

हा प्रश्न मला नात्यातल्याच एकाने विचारला. प्रश्न चुकीचा नाही. आपल्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षं लागतात. त्या हिशेबाने स्वातंत्र्यानंतर बांधलेली कुठलीच इमारत अजून पात्र नाही. तोपर्यंत ती टिकली तर टिकली.

दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स याच फटीतून निसटलं. १९७२ सालची, राज रेवाल यांनी रचलेली ती वास्तू साठ वर्षांची झालेली नाही, असं सांगून तिला वारसा म्हणून संरक्षण नाकारलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली गेली. रेवाल न्यायालयात गेले. लेखकाला किंवा चित्रकाराला आपल्या कृतीची मोडतोड होऊ नये असा जो हक्क कायदा देतो, तो मलाही लागू व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की मालकाला इमारत पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही.

उलट उदाहरणही आहे. सिडनीचं ऑपेरा हाऊस १९७३ मध्ये सुरू झालं आणि २००७ मध्ये, म्हणजे अवघ्या चौतिसाव्या वर्षी, जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे वयापेक्षा महत्त्व पाहिलं गेलं. आपल्या गोव्यात चर्च, देवळं आणि पोर्तुगीज काळातली घरं यांना वारसा म्हणायची सवय आहे, काँक्रीटला नाही. पण गोव्याच्या तीन पिढ्यांनी तोंडाला रंग लावून पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर पाऊल टाकलं ते या काँक्रीटच्या छपराखाली. माझ्या हिशेबात एवढं वय पुरे.

काँक्रीट म्हातारं कसं होतं

काँक्रीट स्वतः सहसा बिघडत नाही. बिघडते ती आतली सळई. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्या अल्कामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही. हा थर दोन शत्रू मोडतात. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षं झिरपत आत जातो आणि अल्क मारतो. दुसरं मीठ. मांडवीच्या मुखाशी, समुद्राच्या तोंडावर राहणाऱ्या माणसाला खारा वारा काय करतो ते सांगायला नको. खिडकीचे गज बघितले की पुरे.

सळई गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रीटला भेग पडते, भेगेतून आणखी पाणी जातं आणि एक दिवस पोपडा गळून सळई उघडी पडते. आपल्याला पोपडा दिसतो, तेव्हा दुखणं दहा-पंधरा वर्षांचं झालेलं असतं.

आता दुरुस्तीतली एक मेख, जी मला स्वतःलाही उशिरा कळली. गंजलेला भाग खरवडून तिथे नवा मसाला भरला की काम झालं असं वाटतं. पण त्या नव्या ठिगळाच्या कडेला, जिथे जुनं मीठ लागलेलं काँक्रीट शिल्लक आहे, तिथे गंज आधीपेक्षा जोरात धरू शकतो. नवा आणि जुना भाग मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. म्हणून नुसतं दिसेल तिथे ठिगळ लावून भागत नाही. आधी सगळ्या इमारतीची नाडी पाहावी लागते. हातोडीसारख्या उपकरणाने पृष्ठभागाचा कणखरपणा पाहतात, ध्वनिलहरी आरपार पाठवून आतली पोकळी शोधतात, सळईचा विद्युतदाब मोजून गंजाची शक्यता ठरवतात आणि काही ठिकाणी पेन्सिलच्या डब्याएवढा नमुना कापून प्रयोगशाळेत फोडून बघतात. याला संरचनात्मक तपासणी म्हणतात. दुरुस्तीच्या खर्चात हा भाग अगदी किरकोळ असतो आणि घाई झाली की पहिल्यांदा यालाच कात्री लागते.

गळती आणि तिच्यावरचा घातक उपाय

पणजीत वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आपल्या आजोबा-पणजोबांनी या पावसासाठी उतरती कौलं वापरली आणि दर वर्षी मे महिन्यात शाकारणी केली. सपाट काँक्रीटच्या छपराला शाकारणी लागत नाही, असा एक समज स्लॅबबरोबरच घरोघर आला.

छत गळायला लागलं की आपल्याकडे वरून विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर घालतात. कोबा म्हणतात त्याला. पाच-सात वर्षांनी पुन्हा गळतं, मग कोब्यावर कोबा. आता हिशेब करा. दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा एका चौरस मीटरवर साधारण दोनशे किलो भरतो. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छतावर एकच थर घातला तर वीस टन झाले. त्या छतावर हत्तींचा छोटा कळप कायमचा उभा केल्यासारखं आहे हे. मूळ अभियंत्याने हे वजन धरलेलं नसतं. वर पाणी तुंबलं तर ते वेगळं. त्यामुळे जुन्या छताची खरी दुरुस्ती बरेचदा आधी उतरवण्याने सुरू होते. जुने थर खरवडून काढा, पाण्याला उतार द्या, पन्हळी मोकळ्या करा आणि मगच नवीन हलका जलरोधक थर घाला. हे कोणालाच दिसत नाही. छतावर जाऊन कुणी फोटो काढत नाही.

नाट्यगृह हे वाद्य आहे, आणि हे मी अलंकार म्हणून सांगत नाही

घुमट हे आपलं तालवाद्य घ्या. मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं. गणेश चतुर्थीच्या आरतीला ज्याच्या घरी घुमट वाजत नाही ते घर गोव्यातलं नाहीच. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आणि बकरीचं कातडं आलं. तसंच झालं पाहिजे होतं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते या नव्या रूपात. पण कुठल्याही जुन्या वादकाला विचारा, तो सांगेल की नाद बदलला. मडकं तेच, हात तोच, नुसतं कातडं बदललं.

नाट्यगृहात भिंतींचं अस्तर, छताचा आकार, खुर्च्यांचं कापड, जमिनीवरचा गालिचा हे सगळं कातड्याच्या जागी असतं. नट रंगमंचावर एक शब्द उच्चारतो. तो शब्द सरळ तुमच्या कानाशी येतो, शिवाय छतावरून, बाजूच्या भिंतींवरून, मागच्या भिंतीवरून आदळून पुन्हा पुन्हा येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. सरळ आलेल्या शब्दानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत जे प्रतिध्वनी पोचतात, ते मेंदू मूळ शब्दात मिसळून घेतो आणि आवाज भरदार वाटतो. म्हणजे आदळून आलेला आवाज सरळ आवाजापेक्षा सतरा मीटरपर्यंत जास्त फिरून आला तर तो मदत करतो. त्याहून लांबून, ताकदीने आला तर तो शब्द चिरडतो.

हळूहळू विरणाऱ्या या एकूण गुंजनाला अनुरणन म्हणतात. टाळी वाजवल्यावर तिचा आवाज ६० डेसिबलने खाली यायला, म्हणजे जवळजवळ ऐकू न येण्याइतका विरायला, जितके सेकंद लागतात तो अनुरणन काळ. जड शब्द एवढा एकच, लक्षात ठेवा.

हा काळ मोजायची रीत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस साबिन या तरुण प्राध्यापकाने शोधली. १८९५ मध्ये तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात कुणालाच काही ऐकू येईना. साबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी गाद्या परत जागेवर. असं महिनोन्‌महिने चाललं. त्यातून निघालेलं सूत्र आजही जगभर वापरतात : दालनाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६ ने गुणा आणि दालनातल्या एकूण ध्वनिशोषणाने भागा.

समजा एका नाट्यगृहाचं घनफळ ६,००० घनमीटर आहे. गुणाकार येतो ९६०. भिंती, पडदे, गाद्या आणि माणसं मिळून ८०० एकक आवाज शोषत असतील तर अनुरणन काळ १.२ सेकंद. आता जाड पडदे काढले, सच्छिद्र लाकडी पट्ट्यांवर जाड ऑइलपेंट मारला, कापडी गाद्यांऐवजी गुळगुळीत रेक्झिन आणलं आणि शोषण ६०० वर आलं, तर काळ होतो १.६. आणखी घसरून ४८० झालं तर पूर्ण दोन सेकंद.

दोन सेकंदांत काय बिघडतं? संवादात नट सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. दोन सेकंदांच्या अनुरणनात आधीची आठ-दहा अक्षरं हवेत लोंबकळत असताना पुढचं अक्षर येतं. बोलीनाटकात ते ऐकणं म्हणजे ओल्या पाटीवर लिहिलेलं वाचणं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला मात्र हेच दोन सेकंद मानवतात. नाटकाला एक सेकंदाच्या आसपास हवं, आपल्या ख्याल गायनाला आणि नाट्यसंगीताला त्याहून थोडं जास्त. ज्या मंचावर आज नाट्यस्पर्धेचं मराठी नाटक, उद्या कोंकणी तियात्र आणि परवा केसरबाई केरकर समारोहातली मैफल होते, तिथे ही तारेवरची कसरत असते. मूळ रचनाकाराने एक मध्यबिंदू गाठलेला असतो. नूतनीकरणात तो नकळत हलतो.

यात कुणी दुष्टपणा केलेला असायची गरज नाही. रंगाऱ्याने सांगितल्याप्रमाणे रंग मारला आणि छिद्रं बुजली, तेवढ्याने भागतं.

मारिओंच्या भिंतींचं काय?

दीनानाथ कला मंदिराच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवले. त्यात बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले. नाटक रटाळ असलं की त्या प्रेक्षकांकडे बघत वेळ काढता येतो, हे मी अनुभवाने सांगतो. आता समजा ध्वनितज्ज्ञ म्हणाला, की बाजूच्या भिंतीवर शोषक पॅनेल हवेत. मग चित्रं झाकायची? वारसावाला म्हणेल, हात लावू नका. अग्निशमनवाला म्हणेल, मला तिथे पाण्याची नळी हवी. प्रकाशवाल्याला नेमका तिथेच दिव्यांचा बार टांगायचा आहे.

चौघेही बरोबर असतात. म्हणून अशा कामात चौघांना एका टेबलावर बसवणारा एक पाचवा माणूस लागतो, ज्याचा शब्द शेवटचा. त्याला संवर्धन वास्तुविशारद म्हणतात. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा ती भूमिका आभा नारायण लांबा यांनी निभावली. तो माणूस नसेल तर प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो आणि बेरीज चुकते.

"सुरक्षा महत्त्वाची की जुनेपणा?"

सुरक्षा. यावर वाद नको. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली वास्तू एका रात्रीत गेली. ते दृश्य टीव्हीवर बघताना इथे गोव्यातल्या रंगकर्मींच्या डोळ्यांतही पाणी आलं.

नाट्यगृह जात्याच आगीला धार्जिणं असतं. कापडी पडदे, लाकडी मंच, नेपथ्याचं प्लायवूड आणि वर तापलेले दिवे. जुन्या तारा ज्या भारासाठी घातल्या होत्या, त्याच्या कितीतरी पट भार आज वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणा घेतात. म्हणून तारा बदलायच्याच. फक्त त्या बदलताना दिव्यांच्या डिमरची लाइन आणि माइकची लाइन वेगळ्या मार्गाने न्याव्या लागतात, नाहीतर दिवा मंद केला की स्पीकरमधून गूं गूं सुरू होतं. वातानुकूलनाचंही तेच. हवा अरुंद नळीतून जोरात सोडली की सतत एक सूं ऐकू येतो आणि नटाची कुजबुज त्यात बुडते. यंत्र महाग घेतलं म्हणून हा सूं थांबत नाही. नळी रुंद करून हवा सावकाश सोडावी लागते. रुंद नळीला जागा लागते आणि जुन्या इमारतीत जागाच नसते. इथे कारागिराची कसोटी लागते.

"कलाकारांना अभियांत्रिकीतलं काय कळतं?"

हा आक्षेप मोठ्या आवाजात घेतला जातो. सिडनीकडे पुन्हा बघू. तिथल्या मोठ्या संगीत दालनात वादकांना मंचावर एकमेकांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. उपाय म्हणून मंचावर पारदर्शक कडी टांगली होती, ती पुढे कित्येक वर्षं टांगलेलीच राहिली. शेवटी २०२० मध्ये दालन बंद करून १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून, नवीन परावर्तक बसवून ते २०२२ मध्ये उघडलं. दुखणं कुठे आहे हे कळलं ते वादकांच्या तक्रारींतून. औषध काय द्यायचं ते अभियंत्यांनी ठरवलं. रोग्याला औषधांची नावं येत नाहीत म्हणून त्याच्या पोटात दुखत नाही, असं कुठला डॉक्टर म्हणतो?

पैसा, निविदा आणि ताजमहाल

अकादमीचं सुमारे ५० कोटींचं मूळ काम निविदा न काढता, नामनिर्देशनाने दिलं गेलं आणि सगळा गदारोळ तिथून सुरू झाला. शहाजहानने ताजमहालासाठी कुठे निविदा मागवल्या होत्या, असा दाखलाही त्यावर विधानसभेत दिला गेला. शहाजहानला महालेखापाल नव्हता, हे खरंच आहे.

पण उलट बाजूही ऐका. सर्वांत कमी बोली त्याला काम, या रस्ते-गटारांच्या पद्धतीने वारसा वास्तू दुरुस्त केली तर तीही खड्ड्यातच जाते. कारण भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि कमी बोलीवाला नंतर प्रत्येक नव्या भेगेसाठी वाढीव बिल लावतो. यावर मधला मार्ग आहे. बोलीला गुण आणि अनुभवाला गुण, असे दोन्ही जोडून निवड करायची पद्धत सरकारी नियमांत आहे. नामनिर्देशन हा अपवाद आहे, आणि अपवाद केला तर त्याची कारणं लोकांसमोर मांडायची जबाबदारी तो करणाऱ्यावर येते.

"एवढ्या पैशांत नवीन झालं असतं" हे वाक्यही सारखं ऐकू येतं. झालं असतंही. पण आजच्या किनारपट्टीच्या नियमांत, नदीच्या इतक्या जवळ, इतकी मोठी वास्तू नव्याने बांधायची परवानगी मिळवणं किती अवघड आहे हे बांधकामातल्या कुणालाही विचारा. शिवाय नवीन इमारतीला पहिल्या दिवसापासून तोच खारा वारा आणि तोच पाऊस. शाकारणीची सवय नसेल तर तीही चाळिशीत गळेल.

मग फुग्याचं काय?

ध्वनी मोजायला तज्ज्ञ खास स्पीकर आणि संगणक वापरतात. तो साग्रसंगीत अहवाल हवाच. पण त्याचा प्राथमिक अवतार कुणालाही करता येतो. रिकाम्या नाट्यगृहात मंचाच्या मधोमध एक मोठा फुगा फोडायचा आणि ठरलेल्या आसनांवरून तो आवाज ध्वनिमुद्रित करायचा. आसन क्रमांक, तारीख, पडदे उघडे होते की बंद, वातानुकूलन चालू होतं की बंद, हे लिहून ठेवायचं. आवाज विरण्याचा काळ त्या ध्वनिमुद्रणातून काढता येतो.

हे काम नूतनीकरणाच्या आधी करायचं असतं. काम संपल्यावर त्याच आसनांवर, तशाच फुग्याने पुन्हा. दोन आकडे शेजारी ठेवले की मध्यंतरातला आमचा वाद चहा निवायच्या आत मिटतो.

गोव्यात आज ना उद्या दुरुस्तीला येतील अशी नाट्यगृहं पुष्कळ आहेत. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगावचं रवींद्र भवन आहे, गावोगावची छोटी सभागृहं आहेत. आमच्या हौशी मंडळात आम्ही ठरवलंय, की यंदाच्या स्पर्धेच्या दौऱ्यात जिथे तालमीला अर्धा तास आधी आत सोडतील, तिथे मध्यभागी, सहाव्या आणि शेवटच्या रांगेत मोबाइल ठेवायचे. रंगपटातल्या सामानाच्या यादीत मिशा, गोंद आणि सेफ्टी पिनांच्या खाली आता एक नवीन ओळ आहे : फुगे, मोठे, एक डझन.